पोस्टफिक्स आणि डव्हकॉट: मेल सर्व्हरची देखभाल स्क्रिप्टवर सोपवताना

लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा आणि स्वीकारणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (आलेला मेल वापरकर्त्याला वाचायला देणारा प्रोग्राम) यांच्या जोडीने चालणाऱ्या मेल सर्व्हरची नेहमीची कामे ठरलेली असतात: क्यूमध्ये, म्हणजे पाठवण्याच्या संदेशांच्या रांगेत, काय अडकले आहे ते पाहणे, जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या टीएलएस प्रमाणपत्राची मुदत तपासणे, ट्रॅशमधील जुने संदेश काढणे. ही कामे बॅश स्क्रिप्टवर (कमांड क्रमाने चालवणाऱ्या फाइलवर) सोपवता येतात, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. केवळ पाहणी करणारी स्क्रिप्ट आधी लिहावी आणि तिच्या आकड्यांवर विश्वास बसल्यावरच संदेशांना हात लावणारी स्क्रिप्ट लिहायला घ्यावी. कारण क्यूमधून पुसलेला संदेश दुसऱ्या कोणाचा तरी असतो आणि तो पुसल्याची सूचना पाठवणाऱ्याला मिळत नाही. पुढे कमांडची नावे उच्चारानुसार दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतच लिहावीत.

सुरुवात क्यूपासून करावी. ‘मेलक्यू’चे आउटपुट माणसाने वाचण्यासाठी असते; स्क्रिप्टसाठी ‘पोस्टक्यू’ ही कमांड ‘-जे’ या पर्यायासह वापरावी. पोस्टफिक्स 3.1 पासून उपलब्ध असलेला हा पर्याय प्रत्येक संदेशासाठी एका ओळीत जेसन नोंद (प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या स्वरूपातील नोंद) देतो, ज्यात क्यूचे नाव, संदेशाचा आयडी, आगमनाची वेळ, आकार, पाठवणारा आणि प्रत्येक प्राप्तकर्त्यासोबत विलंबाचे कारण असते. या नोंदींतून ‘जेक्यू’ या जेसन चाळणाऱ्या साधनाच्या साहाय्याने डिफर्ड क्यूमधील (पुन्हा प्रयत्नासाठी थांबलेले) संदेश निवडून त्यांची मोजणी दोन प्रकारे करावी: पाठवणाऱ्यानुसार आणि प्राप्तकर्त्याच्या डोमेननुसार. एकाच खात्यावरून निघालेले शेकडो संदेश अनेक डोमेनकडे अडकले असतील, तर त्या खात्याचा पासवर्ड चोरीला गेल्याचा संशय घ्यावा. अनेकांचे संदेश एकाच डोमेनकडे अडकले असतील, तर तिकडचा सर्व्हर बंद आहे किंवा त्याने आपला आयपी पत्ता नाकारला आहे, हे विलंबाच्या कारणावरून कळते. नुसत्या एकूण संख्येवर इशारा देणारी स्क्रिप्ट हा फरक दाखवत नाही, म्हणून तिचा उपयोग मर्यादित आहे.

इशाऱ्याची मर्यादा ठरवताना संदेशाचे वय लक्षात घ्यावे. पोस्टफिक्सच्या मूळ सेटिंगनुसार अडकलेल्या संदेशाच्या दोन प्रयत्नांतील अंतर 300 ते 4000 सेकंद असते आणि न पोहोचलेला संदेश 5 दिवसांनी परत पाठवला जातो. ग्रेलिस्टिंगमुळे (अनोळखी सर्व्हरचा पहिला प्रयत्न मुद्दाम तात्पुरता नाकारण्याच्या पद्धतीमुळे) थांबलेले संदेश बहुधा पुढच्या एक-दोन प्रयत्नांत निघून जातात. त्यामुळे तासाभराहून जुने संदेशच मोजले, तर विनाकारण येणारे इशारे बरेच कमी होतात.

संशयित खात्याचे संदेश आढळल्यावर ते स्क्रिप्टने पुसू नयेत, होल्डवर (रोखून) ठेवावेत. ‘पोस्टसुपर’ला ‘एच’ हे लहान अक्षर दिल्यास संदेश होल्डवर जातो आणि तेच अक्षर मोठे दिल्यास सुटतो, त्यामुळे निर्णय माणसाच्या हाती राहतो. पुढे पुसायचेच ठरले, तर निवडलेले आयडी स्टँडर्ड इनपुटमधून द्यावेत; सर्व क्यू एका दमात रिकामी करणारा ‘ऑल’ हा शब्द कोणत्याही स्क्रिप्टमध्ये असू नये. आणखी एक धोका सहसा ध्यानात येत नाही: लहान स्वरूपाचे आयडी पुन्हा वापरले जातात, त्यामुळे यादी काढणे आणि पुसणे यांच्या मधल्या काळात तोच आयडी नव्या संदेशाला मिळू शकतो. पोस्टफिक्स 2.9 पासून लांब आयडींची सेटिंग आहे. अशी स्क्रिप्ट लिहिण्यापूर्वी ही सेटिंग सुरू करावी.

प्रमाणपत्राच्या बाबतीत सर्टबॉट (प्रमाणपत्रे मिळवणारा प्रोग्राम) नूतनीकरण स्वतः करतो, परंतु रीलोड होईपर्यंत (सेटिंग पुन्हा वाचेपर्यंत) डव्हकॉट जुनेच प्रमाणपत्र दाखवत राहतो. म्हणून दोन्ही सेवा रीलोड करणारी छोटी स्क्रिप्ट सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय’ हुकमध्ये, म्हणजे नूतनीकरण झाल्यावर आपोआप चालणाऱ्या टप्प्यात, ठेवावी. तपासणी मात्र डिस्कवरील फाइलची करू नये. ‘ओपनएसएसएल’ने पोर्ट 587 (मेल पाठवण्याचे) आणि 993 (मेल वाचण्याचे) ला जोडून प्रत्यक्ष मिळणारे प्रमाणपत्र घ्यावे आणि तेवढ्या वेळात मुदत संपते का ते सांगणाऱ्या ‘चेकएंड’ला 604800 सेकंद, म्हणजे 7 दिवस, देऊन पाहावे.

ट्रॅश स्वच्छ करण्यासाठी डव्हकॉटमध्ये ‘ऑटोएक्स्पंज’ ही जुने संदेश आपोआप काढणारी सेटिंग आहे. तिने भागत असेल, तर स्क्रिप्ट लिहूच नये. लिहावी लागलीच, तर संदेश काढणाऱ्या ‘डव्हॲडम एक्स्पंज’ या डव्हकॉटच्या कमांडमध्ये ‘बिफोर’ऐवजी ‘सेव्ह्डबिफोर’ वापरावे. ‘बिफोर’ संदेश मूळ केव्हा आला ते पाहते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आलेला आणि काल ट्रॅशमध्ये टाकलेला संदेश आजच नाहीसा होतो. ‘सेव्ह्डबिफोर’ तो त्या फोल्डरमध्ये केव्हा आला ते पाहते. तीच अट आधी ‘डव्हॲडम सर्च’ला देऊन निकाल वाचावा आणि मगच ‘एक्स्पंज’ चालवावे.

स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी आपोआप चालवण्यासाठी क्रॉन किंवा सिस्टमडी टायमर दोन्ही चालतात. क्रॉनचा पाथ (कमांड शोधण्याच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, म्हणून कमांडचे पूर्ण पाथ द्यावेत. आधीची फेरी संपण्यापूर्वी दुसरी सुरू होऊ नये यासाठी ‘एफलॉक’ वापरावे. त्रुटी आल्यास स्क्रिप्ट तिथेच थांबवणारे ‘सेट -ई’ उपयुक्त आहे, पण काहीच न सापडल्यास मजकूर शोधणारा ‘ग्रेप’ही 1 हा कोड परत करतो, तो त्रुटी समजला जातो आणि स्क्रिप्ट निष्कारण थांबते, तेवढी स्थिती वेगळी हाताळावी.

इशारे त्याच सर्व्हरच्या मेलने पाठवू नयेत, कारण क्यू तुंबली की इशाराही तिच्यातच अडकतो. ते ‘कर्ल’ने एखाद्या वेबहुककडे (असे इशारे स्वीकारणाऱ्या वेब पत्त्याकडे) पाठवावेत, आणि प्रत्येक यशस्वी फेरीनंतर दुसऱ्या यंत्रावर एक खूण पोहोचवावी, म्हणजे ठरलेल्या वेळेत ती न आल्यास ते यंत्रच इशारा देईल.