बसून चालवायच्या लॉनमोअरची इंधनव्यवस्था कशी साफ करावी

बरेच महिने उभा राहिलेला लॉनमोअर सुरू होईना, की बहुतेक जण पहिला हात कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला घालतात. तसे करू नका. टाकीपासून सुरुवात करा आणि पेट्रोल ज्या वाटेने जाते त्याच वाटेने पुढे सरका. पुष्कळदा कार्बोरेटरपर्यंत जायची वेळच येत नाही.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. काम उघड्यावर, विस्तवापासून लांब करा. कार्बोरेटरच्या तळाशी सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारी पेट्रोलची झडप) असेल तर इंजिन सुरू न करता फक्त किल्ली फिरवा. तिथून ‘टक्’ आवाज यायला हवा. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा आणि स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा.

आता टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून काही वेळ स्थिर ठेवा. शिळ्या पेट्रोलचा रंग गडद होतो आणि त्याला वार्निशसारखा आंबूस वास येतो. तळाशी वेगळा थर दिसला तर आत पाणी आहे. पेट्रोलमधले इथेनॉल ओलावा शोषते आणि पाणी फार झाले की दोन्ही मिळून खाली बसतात. अशी टाकी पूर्ण रिकामी करून पुसून घ्या. जुने पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नका, घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

टाकीचे झाकण नीट पाहा. त्यात हवेसाठी बारीक भोक असते. ते बुजले की पेट्रोल उपसले जाईल तशी टाकीत पोकळी होते, आणि यंत्र पंधरा-वीस मिनिटे छान चालून बंद पडते. मी फिल्टर बदलला, नळी बदलली, आणि दोष निघाला झाकणात! पुढच्या वेळी यंत्र असे बंद पडले तर झाकण सैल करून पाहा. लगेच सुरू झाले तर दोष तिथेच आहे.

फिल्टर दर हंगामाला नवा टाका. त्यावरचा बाण कार्बोरेटरकडे हवा. नळी बोटांनी वाकवून पाहा. भेगा दिसल्या तर बदला.

एवढे करूनही जमले नाही, तरच कार्बोरेटर उघडा. आधी तारा आणि स्प्रिंगचा फोटो काढा. खालची वाटी सोडवली की तळाशी गाळ किंवा पांढरट भुकटी दिसेल. जेट (पेट्रोल जाण्यासाठी बारीक भोक असलेला भाग) उजेडासमोर धरा, आरपार गोल ठिपका दिसला पाहिजे. नसेल तर कार्बोरेटर क्लीनर मारा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. सुई किंवा ड्रिल कधीही घालू नका. ते भोक मोजून पाडलेले असते, जरा रुंदावले तरी इंजिन जास्त पेट्रोल पिऊ लागते. फ्लोट (वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) कानाजवळ हलवा. आत डुचमळले तर तो फुटला आहे. वाटी बसवताना गास्केट नवे घ्या.

टाकीत ताजे पेट्रोल भरा, त्यात इथेनॉल 10 टक्क्यांहून जास्त नको. यंत्र पुन्हा काही महिने उभे राहणार असेल तर स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळे होऊ न देणारे द्रव्य) मिसळा आणि इंजिन 5 ते 10 मिनिटे चालवा, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचेल. पण त्याआधी इंधनाची तोटी उघडून प्रत्येक जोडावर कोरडे फडके फिरवा. फडके कोरडेच राहिले, तरच प्लगची टोपी आणि बॅटरीची तार पुन्हा जोडा.