जुन्या गाडीचा इग्निशन लॉक बदलताना

चावी फिरते पण डॅशबोर्डचे दिवे लागत नाहीत, तर बहुधा लॉक चांगला असतो. त्यामागचा, वीज जोडणारा इग्निशन स्विच गेलेला असू शकतो. तो वेगळा मिळत असेल तर तेवढाच बदला. चावीच अडकत असेल तर आधी कमी वापरलेली डुप्लिकेट चावी लावून बघा. जळगाव-धुळ्याकडच्या उन्हाळी धुळीत लॉकमध्ये तेल सोडू नका. तेलावर धूळ बसून चिखल होतो, पिना अडकतात. ग्राफाइट पावडर चालते.

बदलायचाच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा, मग स्टिअरिंगखालचं कव्हर. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत लॉक गोल, गुळगुळीत डोक्याच्या बोल्टांनी धरलेला असतो. त्याला पाना बसत नाही. डोक्याच्या कडेला सेंटर पंच (टोकदार पोलादी छिन्नीसारखं हत्यार) तिरका टेकवून उलट्या दिशेने हलके ठोके द्या. जोरात मारलं तर स्टिअरिंगच्या दांड्याला (कॉलमला) इजा होऊ शकते.

नवे बोल्ट आधी हलकेच आवळा. चावी सगळ्या खाचांत फिरवा, स्टिअरिंग लॉक होतं-सुटतं का पाहा. त्यानंतरच पाना बसतो ते वरचं डोकं तुटेपर्यंत आवळा; ते मुद्दाम तुटण्यासाठीच केलेलं असतं, मागे गुळगुळीत डोकं उरतं. ही तपासणी राहिली, तर तेच बोल्ट पुन्हा ठोकून काढावे लागतात.