जॅकेट आधी शिवा, मग रंगवा: मास्सिमो ओस्ती यांची पद्धत

इटलीतल्या बोलोन्याचे मास्सिमो ओस्ती (१९४४–२००५) मूळचे ग्राफिक डिझायनर. १९८२ मध्ये त्यांनी स्टोन आयलंड ही कपड्यांची कंपनी सुरू केली ती ताडपत्रीच्या कापडावर. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या रंगाच्या राळेचा थर असलेलं ते कडक कापड धुऊन धुऊन मऊ केलेलं होतं. पण घरी करून पाहण्याजोगी त्यांची खरी देणगी म्हणजे त्यांच्याच ‘सी. पी. कंपनी’ या कपड्यांच्या ब्रँडमध्ये रुजवलेली पद्धत: पांढरा कपडा आधी पूर्ण शिवायचा, रंग नंतर. शिवणीवर रंग गडद-फिका उतरतो आणि कपडा वापरलेला, आपलासा वाटतो.

अर्धं काम बेतण्याआधीच होतं. सुती कापडाचा ५० बाय ५० सेंमीचा तुकडा उकळून, वाळवून मोजा. ४८ झाला तर कापड ४ टक्के आटतं. तयार माप ६० हवं असेल तर ६२.५ सेंमी बेता. अस्तर आणि खिशाचं कापडही असंच तपासा, नाहीतर रंगवल्यावर जॅकेट आतून ओढलं जातं. दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा पांढराच राहतो. तो उठाव मुद्दाम हवा असेल तर गोष्ट वेगळी. चेन पितळी किंवा प्लास्टिकची लावा, कारण पुढे रंगवताना लागणारा धुण्याचा सोडा अॅल्युमिनियम खातो. म्हणून पातेलंही स्टीलचंच.

शिवलेलं जॅकेट दर लिटरला २ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडी साबण पावडर घातलेल्या पाण्यात ४५ मिनिटं उकळा. खळ किंवा मशीनचं तेल राहिलं तर तिथे रंग चढत नाही, डाग पडतात.

अर्धा किलो जॅकेटला १० लिटर कोमट पाणी (४० अंश), थंड पाण्यात चढणारा रिअॅक्टिव्ह रंग (सुती धाग्याशी रासायनिक जोड होऊन पक्का बसणारा) १५ ग्रॅम, मीठ ५०० ग्रॅम, धुण्याचा सोडा २०० ग्रॅम. रंगाची भुकटी नाकात जाऊ देऊ नका. मास्क आणि हातमोजे घाला. रंग विरघळवून त्यात ओला कपडा बुडवा, मीठ तीन भागांत, दर दहा मिनिटांनी एक भाग असं घाला. सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून, कपडा बाहेर काढूनच घाला. थेट कपड्यावर पडला की तिथे रंग लगेच पक्का होतो आणि तो ठिपका निघत नाही. पुढे तासभर हलवत राहा. घडी पडली की पट्टा उमटतो.

शेवटी गार पाण्यात खळबळून उकळत्या साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच पुन्हा करा. इथे घाई केली तर कॉलरचा रंग आतल्या शर्टाला लागतो.