कॉनरॅडवर डिसर्टेशन करताय? आधी माझी फजिती वाचा

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी मी जोसेफ कॉनरॅड घेतला, कारण वाटलं सोपं आहे. माणूस 1874 ते 1894 दर्यावर होता, नंतर दर्यावर लिहिलं, म्हणजे जोड्या जुळवा आणि पास व्हा. कॉनरॅड म्हणजे इंग्रजीत लिहिणारा पोलिश वंशाचा कादंबरीकार, बाकी त्यात जात नाही.

मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे आयुष्य, उजवीकडे पुस्तकं. कोळसा घेऊन बँकॉकला निघालेलं 'पॅलेस्टाइन' 1883 मध्ये सुमात्राजवळ पेटून बुडालं, समोर 'यूथ' ही गोष्ट. 1890 ची काँगोवारी, समोर 'हार्ट ऑफ डार्कनेस'. सातव्या वर्षी आई गेली, अकराव्या वर्षी वडील, समोर 'म्हणून त्याचे नायक एकटे'. तक्ता इतका देखणा झाला की तोच फुगवून चाळीस पानं केली. सरांनी सगळं वाचून शेवटी एकच ओळ लिहिली, "मग लेखकानं काय केलं?" दोन दिवस जेवण गेलं नाही.

हा सापळा नीट बघा, कारण तुम्हीपण पडणार. 'यूथ'मधला निवेदक मार्लो त्या सफरीत वीस वर्षांचा आहे, कॉनरॅड त्या जहाजावर चढला तेव्हा तेवीसचा होता. गोष्टीत ते पोरगं उघड्या होडीत कित्येक दिवस-रात्री काढतं, तोंडाला कोरड पडलेली, हातात सुकाणूचं वल्हं. खऱ्या होड्या मात्र एका दिवसाच्या आत सुमात्राजवळच्या मुंटोक बंदराला लागल्या, किनारा जवळच होता! म्हणजे वय खाली ओढलं, समुद्र लांब केला, आणि हे सगळं घटनेनंतर पंधराएक वर्षांनी, टेबलावर बसून. तुमचं डिसर्टेशन या फरकात आहे, साम्यात नाही. 'लॉर्ड जिम'चं तर विचारूच नका. 1880 मध्ये 'जेद्दा' जहाज बुडतंय असं समजून अधिकारी शेकडो हाज यात्रेकरूंना टाकून पळाले आणि जहाज पुढे एडनला सुखरूप पोचलं, कादंबरी त्या प्रकरणावर उभी आहे. कॉनरॅड त्या जहाजावर नव्हताच. आणि मी बिनधास्त 'स्वानुभव' लिहून मोकळा.

बरं, त्याला साक्षीदार धराल तर तोपण पक्का. 'अ पर्सनल रेकॉर्ड' या आठवणींच्या पुस्तकात तीन सागरी परीक्षांचं वर्णन झकास केलंय, पण फर्स्ट मेट (कॅप्टनच्या खालचा अधिकारी) आणि कॅप्टन, दोन्हीला पहिल्या खेपेला नापास झाला ते गाळलंय. छातीवरचा व्रण द्वंद्वयुद्धातला म्हणून सांगायचा, मामाच्या पत्रातून कळलं की मार्सेयमध्ये त्यानं स्वतःवरच गोळी झाडली होती. म्हणून म्हणतो, जहाजांची कागदपत्रं आणि पत्रं आधी, आठवणी नंतर.

यूट्यूबवरच्या वीस मिनिटांच्या समरीवर चॅप्टर लिहू नका, कळतं लगेच. आणि पहिल्याच ड्राफ्टला 'छान' म्हणणाऱ्या गाईडपासून जरा सांभाळून, हे माझं मत, पटलं तर घ्या.

मराठी मिडीयमवाल्यांनी मात्र घाबरू नका हं. या गड्याची भाषा पोलिश, मग फ्रेंच, इंग्रजीशी खरी गाठ विसाव्या वर्षी जहाजावर, पहिली कादंबरी 1895 मध्ये, सदतिसाव्या वर्षी. बोलण्यातला पोलिश हेल शेवटपर्यंत गेला नाही. मी हे होस्टेलच्या भिंतीवर लिहून ठेवलं होतं. लिहायला बसलं की तरीपण घाम फुटायचाच.

मला दोरी सापडली ती 'नार्सिसस'मध्ये (पुस्तकाच्या पूर्ण नावात शिवी आहे, म्हणून एवढंच). 1884 मध्ये 'नार्सिसस' नावाचं खरं जहाज मुंबईहून निघालं तेव्हा कॉनरॅड त्यावर सेकंड मेट होता. कादंबरी सुरू होते आपल्याच बंदरात, रात्री. मेट कंदिलाच्या उजेडात हजेरी घेतोय, यादीतलं शेवटचं नाव फिसकटलंय, वाचता येत नाही, म्हणून तो सगळ्यांना जायला सांगतो. तेवढ्यात अंधारातून आवाज येतो, "वेट!" मेट भडकतो, मला थांब म्हणणारा हा कोण? आणि ते त्या खलाशाचं आडनाव असतं. ही गंमत कुठल्या जहाजाच्या कागदात सापडणार? मी चाळीस पानं बाजूला ठेवली आणि पहिला चॅप्टर त्या फिसकटलेल्या नावापासून परत लिहायला घेतला.