जॉर्ज टाउनमधले सात दिवस कसे आखावेत

मलय भाषेत ‘पिनांग’ म्हणजे सुपारी. मलेशियाच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या या सुपारीच्या बेटावर ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने फ्रान्सिस लाइटने १७८६ मध्ये ठाणे उभारले आणि बंदर करमुक्त ठेवले. त्यामुळे होक्कियन आणि कँटोनी चिनी, तमिळ मुसलमान, सुमात्रातल्या आचे प्रांतातले व्यापारी, सयामी, ब्रह्मी, आर्मेनियन असे नाना प्रकारचे लोक येथे येऊन स्थिरावले. त्यांच्या जॉर्ज टाउन या शहराला २००८ मध्ये मलाक्कासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. बहुतेक प्रवासी येथे दोन दिवस काढून पुढे जातात, पण या शहरातली सरमिसळ इमारतींपेक्षा दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरांत अधिक दिसते. म्हणून आठवड्याचा बेत स्थळांची यादी घेऊन न आखता वेळा पाहून आखावा.

पहिली पायरी: महिना ठरवणे

हवा वर्षभर उष्ण आणि दमट असते. साधारणपणे डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात कोरडा असतो, तर सप्टेंबर ते नोव्हेंबर पावसाचा जोर अधिक असतो. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येणाऱ्या थैपुसम या तमिळ सणाला मुरुगनाचा, म्हणजे कार्तिकेयाचा, रथ शहरातून धबधब्याजवळच्या टेकडीवरील मंदिराकडे निघतो आणि वाटेत नारळ फोडणाऱ्यांमध्ये चिनी भाविकही मोठ्या संख्येने असतात. सणाच्या निमित्ताने जायचे असेल, तर माझ्या मते हाच सण निवडावा. चिनी नववर्षाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत मात्र अनेक दुकाने आणि खाद्यगाडे बंद असल्याने पाहुण्याची पंचाईत होते. ड्युरियन या फळाचा वास सहन होत असेल, तर जून-जुलैचा विचार करावा.

दुसरी पायरी: कागदपत्रे आणि प्रवास

भारतीय पारपत्रधारकांना मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसाविना राहण्याची सवलत डिसेंबर २०२३ पासून मिळाली. ती मुदतीची असल्याने तिकीट काढण्यापूर्वी तिची ताजी स्थिती तपासावी. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनाचा डिजिटल अर्ज सरकारी संकेतस्थळावर भरावा लागतो. तो विनामूल्य आहे, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. मुंबईहून क्वालालंपूरला थेट विमान मिळते आणि तेथून पिनांगचे विमान सुमारे तासाभराचे आहे. परतताना मात्र आगगाडीने जावे, त्याविषयी शेवटी लिहिले आहे. घड्याळ अडीच तास पुढे करावे आणि तीन चपट्या पिनांचा अडॅप्टर सोबत ठेवावा.

तिसरी पायरी: मुक्काम जुन्या शहरातच

बाटू फेरिंगी येथील किनाऱ्यावरची हॉटेले मोहात पाडतात, पण तेथे राहिल्यास रोजचा बराच वेळ रस्त्यावर जातो. त्यापेक्षा जुन्या शहरातल्या एखाद्या ‘शॉपहाउस’मध्ये, म्हणजे खाली दुकान आणि वर घर अशा अरुंद, खोल वास्तूत खोली घ्यावी. या घरांसमोर सलग छपराखालून जाणारी वाट असते. तिला ‘काकी लीमा’, म्हणजे ‘पाच फूट’, असे म्हणतात. आपल्याकडच्या ओसऱ्या एकमेकींना जोडून दिल्या तर जसे दिसेल, तसाच हा प्रकार असून दुपारचे ऊन आणि अचानक येणारा पाऊस दोन्ही त्यामुळे टळतात. अशा घरांचे जिने उभे असतात आणि लिफ्ट क्वचितच असते. वडीलधारी मंडळी सोबत असतील, तर तळमजल्यावरची खोली आधीच मागून घ्यावी. परदेशी पाहुण्यांकडून खोलीमागे दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर वेगळा घेतला जातो, तोही हिशेबात धरावा.

चौथी पायरी: पहिले तीन दिवस पायी

पहिल्या दिवशी सकाळी सातलाच जालान मस्जिद कपितान केलिंग या रस्त्यावर निघावे. १८१८ चे सेंट जॉर्ज चर्च, करुणेची देवी क्वान यिन हिचे धुपाने भरलेले मंदिर, १८३३ चे महामारियम्मन मंदिर आणि १८०१ मध्ये स्थापन झालेली कपितान केलिंग मशीद ही सर्व काही मिनिटांच्या अंतरात आहेत. मारियम्मनचे प्रवेशद्वार मागच्या क्वीन स्ट्रीटवर आहे, हे ठाऊक नसल्यास चुकल्यासारखे होते. ‘कपितान केलिंग’ ही दक्षिण भारतीय मुसलमानांच्या पुढाऱ्याची पदवी होती. चर्चच्या बांधकामात भारतातून शिक्षा भोगण्यासाठी पाठवलेल्या कैद्यांचे श्रम आहेत, हेही त्याच्या पांढऱ्या खांबांपुढे उभे असताना आठवावे. याच रस्त्यावर संध्याकाळी पुन्हा यावे, कारण सकाळी पूजेच्या गडबडीत असलेली माणसे तेव्हा निवांत बोलतात. मशिदीत शुक्रवारी दुपारी जाऊ नये. अंग झाकणारे कपडे सर्वत्र उपयोगी पडतात.

दुसरा दिवस घरांसाठी ठेवावा. खू घराण्याचे कुलमंदिर ‘खू कोंगसी’ १९०१ च्या आगीनंतर १९०६ मध्ये पुन्हा उभे राहिले. त्याच्या छतावरचे कोरीव काम पाहताना मान दुखते. पेरानाकान हवेलीत बाबा-न्योन्या समाजाची, म्हणजे स्थानिक चालीरीती, भाषा आणि मसाले आपलेसे केलेल्या चिनी कुटुंबांची, राहणी कळते. चिऊ जेट्टीवरची खांबांवर उभी लाकडी घरे ही आजही राहती घरे आहेत, त्यामुळे दारातून आत कॅमेरा रोखू नये. आर्मेनियन स्ट्रीटवर लिथुआनियन चित्रकार अर्नेस्ट झाखारेविचने २०१२ मध्ये रंगवलेल्या भित्तिचित्रांसमोर रांग लागते. तेथे फार वेळ घालवण्याची गरज मला वाटली नाही. त्याऐवजी जुन्या प्रोटेस्टंट दफनभूमीत चाफ्याच्या झाडांखाली फ्रान्सिस लाइटची कबर पाहावी. तिसऱ्या दिवशी लिटल इंडिया, बाजार आणि राहिलेल्या गल्ल्या कराव्यात, मात्र दुपारी बारा ते तीन खोलीवर विश्रांती घ्यावीच.

पाचवी पायरी: खाण्याचा अभ्यास

येथे घाई करू नये, कारण शहराचा खरा इतिहास ताटात आहे. ‘नासी कांदार’ या पदार्थाचे नावच पाहा: नासी म्हणजे भात आणि कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. तमिळ मुसलमान विक्रेते भात आणि रस्से कावडीतून वाहत गोदीवरच्या मजुरांना विकत. आज मांडलेल्या रश्श्यांपैकी दोन-तीन एकाच भातावर घालून घेतात. ‘आसाम लाक्सा’मध्ये बांगड्यासारखी मासळी आणि चिंचेचा आंबटपणा असतो, त्यामुळे कोकणातल्या जिभेला तो लगेच पटतो.

शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी नीट लक्षात ठेवाव्यात. वरून भाजीचा दिसणारा पदार्थही ‘बेलाचान’ या सुकवलेल्या कोळंबीच्या वाटणात शिजलेला असू शकतो आणि ‘चार क्वे त्याओ’ या परतलेल्या शेवयांत डुकराची चरबी वापरण्याची पद्धत आहे. लिटल इंडियात केळीच्या पानावरचे जेवण सहज मिळते. चिनी बौद्ध शाकाहारी खाणावळींच्या पाटीवर अनेकदा उलटे स्वस्तिक असते. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक चिनी बौद्ध शाकाहार पाळतात, म्हणून त्या दिवशी तेथे लवकर जावे.

खाद्यगाड्यांच्या आवारात आधी टेबल पकडावे, त्याचा क्रमांक लक्षात ठेवून गाड्यावर पदार्थ सांगावा आणि पेय टेबलाशी येणाऱ्या माणसाकडून घ्यावे. नुसते ‘तेह’ म्हटल्यास घट्ट गोड दुधाचा चहा येतो, ‘तेह ओ कोसोंग’ म्हणजे बिनदुधाचा, बिनसाखरेचा. पार्सलला ‘बुंगकुस’ म्हणतात. भाव विचारताना ‘हार्गा’ हा शब्द कानी पडेल. संस्कृत ‘अर्घ’, म्हणजे मूल्य, या शब्दाचाच तो वंशज आहे.

सहावी पायरी: शहराबाहेर तीन दिवस

चौथ्या दिवशी २०४ क्रमांकाची बस पिनांग टेकडीच्या पायथ्याशी नेते. सुटे पैसे हाताशी ठेवावेत, चालक मोड देत नाही. वर जाणारी दोरखंडाची रेल्वे १९२३ पासून चालू आहे. सकाळी लवकर गेल्यास रांग टळते. वरची हवा काही अंशांनी थंड असते. उतरल्यावर जवळच्या एर इतमला केक लोक सी मंदिर पाहावे. तेथील १९३० मध्ये पूर्ण झालेल्या पॅगोडाचा पाया चिनी, मधला भाग थाई आणि कळस ब्रह्मी पद्धतीचा आहे.

पाचव्या दिवशी १०१ क्रमांकाच्या बसने बाटू फेरिंगीमार्गे तेलुक बहांगपर्यंत जावे, तेथे राष्ट्रीय उद्यानातल्या पायवाटा आहेत. सहाव्या दिवशी बालिक पुलाऊच्या बाजूला जायफळाच्या आणि ड्युरियनच्या बागा पाहाव्यात. पाऊस आल्यास हा दिवस निःसंकोच रद्द करून एकमेकांसमोर उभ्या असलेल्या थाई आणि ब्रह्मी बौद्ध मंदिरांना द्यावा. थाई मंदिरातील पहुडलेला बुद्ध ३३ मीटर लांब आहे.

सातवी पायरी: निघणे

शेवटच्या सकाळी नवे काही पाहू नये. ज्या दुकानात सर्वांत चांगला चहा मिळाला, तेथेच पुन्हा बसावे आणि मग सामान घेऊन धक्क्यावर जावे. बोट पलीकडच्या बटरवर्थला पोहोचवते. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर रेल्वे स्थानक आहे आणि वेगवान विद्युत गाडी सुमारे चार तासांत क्वालालंपूरला नेते. सुट्ट्यांच्या दिवसांत या गाडीची तिकिटे आधीच संपतात, म्हणून विमानाच्या तिकिटाबरोबर तीही काढून ठेवावीत. गाडी सकाळची असली तरी भारतात परतण्याचे विमान रात्री उशिराचेच निवडावे, म्हणजे बोट किंवा गाडी रेंगाळली तरी धावपळ होत नाही.