पद्मिनीचं हेड उतरवायच्या आधी

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, रेडिएटरमध्ये बुडबुडे आणि घाटात दोनदा गरम होऊन थांबलेली गाडी. एवढं झालं की प्रीमियर पद्मिनीचं हेड, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर झाकणासारखा बसणारा वरचा भाग, उतरवावं लागणार हे नक्की. पण पाना हातात घ्यायच्या आधी दोन दिवस तयारीला द्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघालेल्या या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. त्यामुळे गाडी गरम झाली की पहिला मार हेडलाच बसतो. नवीन हेड आता सहज मिळत नाही, म्हणून हातात आहे तेच जपायचं.

सगळ्यात आधी जाड पुठ्ठा घ्या, त्याला आठ भोकं पाडा आणि नंबर टाका. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उभ्या दांड्या) निघतील त्याच क्रमाने त्यात खोचायचे. आठ व्हॉल्व्हसाठी असाच दुसरा पुठ्ठा करा, कारण प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या सीटवर, म्हणजे तो टेकतो त्या कड्यावर, झिजलेला असतो. फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं), चांगली स्टीलची सरळपट्टी, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने घट्ट करायचा पाना), व्हॉल्व्ह काढताना स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर आणि ग्राइंडिंग पेस्ट हे सगळं जवळ ठेवा. गॅस्केटचा (जोडांमध्ये बसणाऱ्या पातळ पट्ट्यांचा) पूर्ण सेट हेड उतरवायच्या आधीच हातात हवा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला जुन्या दुकानदारांकडे विचारा, आणि बॉक्सवरच्या नावावर न जाता गॅस्केटची भोकं जुन्याशी जुळवूनच पैसे द्या.

हेड उतरवायचं ते इंजिन पूर्ण थंड असताना, पाणी काढून टाकून. नट बाहेरून आत, थोडेथोडे सैल करा. हेड चिकटलं असेल तर मध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. तिथे पडलेला ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. लाकडी ठोकळा आणि हलका हातोडा पुरतो.

साफसफाईचं वर्कशॉपला स्पष्ट सांगून ठेवा. बिडाची हेडं कॉस्टिकच्या गरम टाकीत टाकायची सवय असते, आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. हेडवर मार्करने ‘ॲल्युमिनियम’ असं मोठ्या अक्षरात लिहूनच द्या.

आता कामाचा क्रम. मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते हेच. माझ्या पहिल्या हेडच्या वेळी एका वर्कशॉपने आधी फेस मारला, म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट केला, आणि मग तडा सापडला. आर्गॉन वेल्डिंग केल्यावर हेड पुन्हा वाकलं, परत फेस मारावा लागला आणि मटेरियल दोनदा गेलं. म्हणून फेसिंग सगळ्यात शेवटी. आधी प्रेशर टेस्ट: पाण्याच्या वाटा रबर आणि पट्टीने बंद करून आत हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं. गरमच हवं, कारण थंड हेडमध्ये मिटलेला तडा गरम झाल्यावर उघडतो. दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधली जागा आणि प्लगच्या भोकाची कड भिंगाखाली बघा. वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलेल्या गाडीत पाण्याच्या भोकांच्या कडा चाळणीसारख्या झालेल्या असतात. असा भाग चकचकीत धातू लागेपर्यंत कोरून काढायचा, तडा ‘व्ही’ आकारात उघडायचा आणि मगच वेल्ड. जुन्या धातूत मुरलेलं तेल वेल्डमध्ये बुडबुडे करतं, त्यामुळे आधी सगळं हेड सावकाश तापवायचं आणि नंतर वाळूत ठेवून सावकाश थंड होऊ द्यायचं. हे करायला वेळ आणि जागा आहे का, हे वेल्डरला आधीच विचारा. नाही म्हणाला तर दुसरा बघा.

वेल्ड झाल्यावर पुन्हा प्रेशर टेस्ट, मग गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) आणि सीटचं काम. प्लगचे आटे गेले असतील तर तिथे इन्सर्ट (नव्या आट्यांची बाही) बसवणंही याच वेळी. मग फेस.

किती फेस मारायचा हे मशीनवाल्यावर सोडू नका. सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या बाजूंनी ठेवून फीलर घाला. ०.०५ मिमीचं पान कुठेच जात नसेल तर फेस मारूच नका. जात असेल तर सपाट होण्यापुरताच. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमीचा आहे, म्हणजे पाव मिलीमीटर काढला तर चेंबर (हेडमधली पेट्रोल जळायची पोकळी) साधारण ०.९ सीसीपर्यंत लहान होतं. प्रत्येक सिलिंडर २७२ सीसीचा असल्यामुळे एकदा हे चालून जातं, पण आधीच्या मालकांनी किती काढलंय ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून दवाखान्यातली सिरिंज आणि ॲक्रिलिकचा तुकडा घेऊन चारही चेंबर तेलाने मोजा आणि आकडे वहीत लिहा. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आहे, त्यामुळे फेसिंगने टायमिंग बिघडत नाही. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हवरची, फट मात्र नव्याने लावावी लागते.

हेड मशीनवर असेल तेव्हा ब्लॉककडे बघा. त्याचा फेसही पट्टीने तपासा, स्टडचे आटे साफ करा, भोकांत साचलेलं पाणी-तेल काढा. घट्ट करायची वेळ आली की मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमधल्याच आकड्यापर्यंत. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर आधी आणून ठेवा. थर्मोस्टॅट आणि रेडिएटरची तपासणीही याच यादीत धरा, कारण हेड ज्यामुळे वाकलं ते कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.