बदामाची पातळ कुरकुरीत बिस्किटं: आधी सुरी, मग ओव्हन

फ्रान्स-बेल्जियमकडे या बिस्किटाला ‘पँ दामाँद’ म्हणतात, म्हणजे बदामाचा पाव. चव मुळीच पावाची नसते. पिठाची वीट थिजवून ती पावासारखी कापतात, म्हणून हे नाव. नानकटाई करणाऱ्या हाताला हे पीठ ओळखीचं वाटेल, पण ते वागतं वेगळं. नानकटाईत तूप भरपूर आणि साखर पिठी, त्यामुळे ती तोंडात टाकली की विरघळते. इथे स्निग्धांश कमी, साखर दाणेदार आणि जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर, त्यामुळे बिस्किट मोडताना कट्‌कन आवाज येतो. अंडं लागत नाही. घरच्या ओव्हनमध्ये अंडं चालत नसेल त्यांनाही बेधडक करता येतात.

एका विटेत ५५ ते ६० बिस्किटं होतात. मेहनत फार नाही. वेळ जातो तो वीट थिजण्यात.

साहित्य

मैदा १६५ ग्रॅम
साधी दाणेदार साखर १४० ग्रॅम
बटर ६० ग्रॅम
पाणी ४० मिलिलिटर
बदामाचे पातळ काप ५० ग्रॅम
दालचिनी पूड अर्धा छोटा चमचा
खायचा सोडा पाव छोट्या चमच्याच्या निम्मा
मीठ चिमूटभर (बटर खारं असेल तर अजिबात नाही)

वजनकाटा हवाच. वाटीने मैदा मोजला तर दाबून भरणाऱ्याचा आणि हलका भरणाऱ्याचा सहज २०-३० ग्रॅमचा फरक पडतो, आणि एवढ्या छोट्या घाण्यात तेवढ्याने पीठ कोरडं किंवा चिकट होतं.

बटरऐवजी साजूक तूप चालतं, पण तेवढंच घेऊ नये. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं बहुतेक पाणी. म्हणून ६० ग्रॅम बटरच्या जागी ४८ ग्रॅम तूप घ्यावं आणि पाणी ४० ऐवजी ५० मिलिलिटर करावं. घरचं लोणी वापरायचं असेल तर ते आधी गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन ताकाचा अंश काढून टाकावा, नाहीतर बिस्किटाला आंबूस वास राहतो. पण लोण्यात पाणी किती राहिलंय याचा अंदाज येत नाही. त्यापेक्षा त्याचं तूप कढवून वापरणं बरं.

बदामाचे तयार काप नाशिकमध्ये मेन रोड, रविवार कारंजा भागात सुक्यामेव्याच्या दुकानांत मिळतात. घेण्याआधी एक काप चावून पाहावा. कापलेला बदाम अख्ख्यापेक्षा लवकर खवट होतो, आणि खवटपणा भाजून जात नाही. अख्खे बदाम असतील तर ते कडकडीत पाण्यात १५ मिनिटं ठेवावेत, सालं काढावीत आणि मऊ असतानाच धारदार सुरीने उभे पातळ कापावेत. कोरडा बदाम कापायला गेलं की त्याचा चुरा होतो. कापल्यावर ते फडक्यावर पसरून पंख्याखाली दोन तास वाळवावेत. आधी भाजून मात्र घेऊ नयेत, ओव्हनमध्ये ते दुसऱ्यांदा भाजले जाऊन कडू होतात.

साखर विरघळू द्यायची नाही

जाड बुडाच्या पातेल्यात बटर, साखर, पाणी आणि दालचिनी एकत्र करून अगदी मंद आचेवर ठेवावं. बटर वितळलं की गॅस बंद. उकळी येता कामा नये. तळाशी साखरेचे दाणे चमच्याला करकरायला हवेत. साध्या तापमानाला ४० मिलिलिटर पाण्यात सुमारे ८० ग्रॅम साखर विरघळते, म्हणजे १४० ग्रॅमपैकी बरीचशी तशीच राहते. मिश्रण तापवत ठेवलं तर आणखी विरघळते, आणि तिथेच घोटाळा होतो. न विरघळलेले दाणे भाजल्यावरही बिस्किटात तसेच कडक राहतात, आणि दाताखाली जो कुरकुरीतपणा येतो त्यातला मोठा वाटा त्यांचा असतो. साखरेचा पाक होऊन गेला की बिस्किट पसरट, चिवट होतं. पिठीसाखर याच कारणासाठी नको. आपल्याकडची किराणा दुकानातली जरा जाड दाण्याची साखर या कामाला उत्तम आहे. परदेशी कृतींत सांगितलेली खास साखर शोधत फिरायची गरज नाही.

गूळ घालावासा वाटतो, चवही छान लागते. पण गूळ हवेतलं पाणी फार ओढतो. गुळाची बिस्किटं सकाळी केली तर संध्याकाळी वाकतात.

मिश्रण कोमट होऊ द्यावं, बोट सहज ठेवता आलं पाहिजे. मग त्यात बदामाचे काप, आणि वरून सोडा-मीठ मिसळून चाळलेला मैदा. सोडा इथे फुगवण्यापेक्षा रंग चढवण्यासाठी आहे. जास्त पडला तर साबणासारखी चव येते. उलथन्याने खालून वर असं मिसळावं, कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबावं. मळायचं नाही. मळलं की मैद्याला ताण येतो, बिस्किट भाजताना आक्रसतं आणि कुरकुरीत होण्याऐवजी टणक होतं. पीठ हाताला तेलकट आणि चमचा उभा राहील इतपत घट्ट हवं.

वीट थापणं

सहा बाय तीन इंचाचा पावाचा छोटा साचा भांडी बाजारात मिळतो. त्याला आतून बटर पेपर लावावा, दोन्ही बाजूंनी कागद बाहेर राहील असा, म्हणजे वीट वर उचलता येते. साचा नसेल तर तेवढ्याच मापाचा प्लास्टिकचा चौकोनी डबा घ्यावा. पीठ थोडं थोडं घालून दाबत जावं, कोपऱ्यांत हवा राहू नये. वीट साधारण तीन सेंटीमीटर उंच होते. वरची बाजू वाटीच्या बुडाने सपाट करावी.

मग फ्रीझरमध्ये दोन तास, किंवा फ्रिजमध्ये रात्रभर. नीट गुंडाळलेली वीट फ्रीझरमध्ये दोन महिने राहते. पाहुणे यायच्या दिवशी हवे तेवढे काप काढून भाजता येतात, आणि या कृतीतली सगळ्यात सोयीची गोष्ट बहुधा हीच.

कापणं

बिघडतात ती बहुतेक बिस्किटं इथेच बिघडतात, ओव्हनमध्ये नाही. एक काप दोन मिलिमीटरचा आणि शेजारचा चार मिलिमीटरचा असेल तर एक जळेपर्यंत दुसरा कच्चाच राहतो. एकच काप एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल तर त्याच्या अर्ध्या भागाचा रंग तपकिरी आणि अर्ध्याचा पांढरट येतो.

फ्रीझरमधली वीट बाहेर काढून दहा मिनिटं ओट्यावर ठेवावी. एप्रिल-मे असेल तर पाचच. दगडासारखी असताना कापलं तर काप तुटतात, मऊ पडल्यावर कापलं तर सुरीबरोबर बदाम ओढले जाऊन पिठात चर पडतात. अंगठ्याने जोर दिल्यावर जेमतेम खूण उमटते तेव्हा वीट कापायला तयार.

विटेच्या लांबीवर फूटपट्टी ठेवून दर सेंटीमीटरला सुरीच्या टोकाने बारीक खूण करावी आणि दोन खुणांच्या मध्ये चार काप काढावेत. प्रत्येक काप आपोआप अडीच मिलिमीटरचा होतो. सुरी लांब, पातळ पात्याची आणि बिनदात्यांची हवी. पावाच्या दातेरी सुरीने कडा फाटतात. सुरी करवतीसारखी पुढे-मागे चालवायची नाही. दोन्ही हातांनी एका दमात सरळ खाली दाबायची. दर सात-आठ कापांनंतर पातं ओल्या फडक्याने पुसून कोरडं करावं. विळीवर हात बसलेला असला तरी इथे तिचा उपयोग नाही, तिचं वाकडं पातं काप तिरका करतं. मध्येच वीट मऊ वाटली तर उरलेली सरळ फ्रीझरमध्ये. सुरुवातीचे दोन-तीन काप वेडेवाकडे येतातच, ते चहाबरोबर संपवावेत.

भाजणं

ओटीजी (कॉइलवर तापणारा छोटा घरगुती ओव्हन) १६० अंश सेल्सिअसवर, वरची-खालची दोन्ही कॉइल लावून, १५ मिनिटं आधी तापवावा. ट्रे मधल्या खाचेत. पंखा असलेल्या कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हला १५० अंश पुरे. ट्रेवर बटर पेपर, त्यावर काप दोन सेंटीमीटर अंतराने. मध्यम ओटीजीच्या ट्रेवर १२ ते १५ काप मावतात. उरलेले तोवर फ्रीझरमध्ये राहू द्यावेत.

पहिली बाजू ११-१२ मिनिटं. कडा फिकट सोनेरी होतात, मधला भाग अजून मऊ असतो. ट्रे बाहेर काढून पातळ उलथन्याने एकेक काप उलटावा आणि ट्रेची मागची बाजू पुढे करून परत आत. ओटीजीत मागचा भाग सहसा जास्त तापतो, त्यामुळे ट्रे न फिरवता नुसते काप उलटणं पुरत नाही. दुसरी बाजू ८ ते १० मिनिटं. बेसनाच्या लाडवासाठी बेसन खमंग भाजलं की जो रंग येतो तितपत रंग दोन्ही बाजूंना हवा.

उलटायचा कंटाळा करू नये. कागदाला टेकलेल्या बाजूची वाफ खाली अडकते. एकाच बाजूने भाजलेलं बिस्किट वरून सुंदर दिसतं आणि दुसऱ्या दिवशी खालून चामट निघतं.

ओव्हनवरच्या आकड्यावर पूर्ण विसंबू नये. घरगुती ओव्हनचं बटण १६० दाखवत असताना आत १५ अंश इकडे-तिकडे असणं नेहमीचं आहे. आत ठेवायचा साधा धातूचा थर्मामीटर घ्यावा, नाहीतर पहिला घाणा चारच कापांचा करून वेळ ठरवावी.

मध्येच वीज गेली तर दार उघडायचं नाही. आतल्या उष्णतेत बिस्किटं वाळतच राहतात. वीज आल्यावर रंग पाहून उरलेली मिनिटं द्यावीत.

ओव्हनमधून निघाल्यावर बिस्किट लवचीक असतं. कुरकुरीत झालं की नाही ते तेव्हा कळत नाही. एक जाळीवर ठेवून पाच मिनिटांनी मोडून पाहावं. आवाज करून तुटलं तर घाणा झाला. वाकून तुटलं तर आत पाणी राहिलंय. त्यावर उपाय तापमान वाढवणं हा नव्हे, त्याने फक्त रंग गडद होतो. १२५ अंशांवर आणखी ८-१० मिनिटं ठेवावं, पाणी निघून जातं आणि रंग फारसा बदलत नाही.

बदामाच्या जागी

शेंगदाणे चालतात, आणि खर्च पाहता चांगलेच चालतात. सालं काढून दोन फाकी करून घ्याव्यात, अख्खा दाणा सुरीला दाद देत नाही. काजूला रंग लवकर चढतो, म्हणून तापमान १५० अंश आणि वेळ दोन-तीन मिनिटं जास्त. पिस्ते दिसायला छान, पण हिरवा रंग एवढ्या भाजण्यात टिकत नाही. अक्रोड ताजे असतील तरच, आणि ती बिस्किटं आठवड्याच्या आत संपवावीत.

नाशिकच्या घरात बेदाणे असतातच आणि मूठभर टाकायचा मोह होतो. टाकू नयेत. बेदाण्यातला ओलावा आजूबाजूचं पीठ मऊ ठेवतो, वर राहिलेला बेदाणा जळून कडू होतो, आणि सुरीखाली तो घसरतो तो वेगळाच.

मैद्याऐवजी कणीक निम्म्यापर्यंत घ्यावी, सोबत छोटा चमचाभर पाणी जास्त. पूर्ण कणकेचे काप सुरीखाली ठिसूळ होऊन तुटतात.

डबा आणि पावसाळा

जाळीवर पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये. कोमट बिस्किटाची वाफ झाकणाखाली जमते आणि सगळा डबा तासाभरात मऊ पडतो. घट्ट, रबर लावलेल्या झाकणाचा स्टीलचा डबा, तळाशी बटर पेपर. दिवाळी ते संक्रांत या कोरड्या थंडीत दोन-तीन आठवडे आरामात कुरकुरीत राहतात. उन्हाळ्यातही हवा कोरडी असते, तेव्हा अडचण फक्त वीट कापताना ती लवकर मऊ पडण्याची.

पावसाळ्याचं गणित निराळं. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पुराचं पाणी लागलंय अशा आठवड्यात वीट फ्रीझरमध्येच राहू द्यावी आणि त्या दिवशी खाल्ली जातील तेवढीच भाजावीत. तरीही मऊ पडली तर १३० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवून गार केली की पुन्हा कट्‌कन मोडतात. हे एकदा, फार तर दोनदा करता येतं. पुढे बदामाला जळकट वास येऊ लागतो. तुकडे आणि चुरा वेगळ्या बरणीत ठेवून श्रीखंडावर भुरभुरावा, पण वाढायच्या अगदी आधी.